शून्य कुणी लिहिलं

१

गुरुवार, आठ नोव्हेंबर, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. टॅलो बेंड गावातलं औषधांचं दुकान उघडायला वीस मिनिटं होती. दुकानात काम करणारी मुलगी गाडी लावत असताना तिला शेजारच्या निळ्या गाडीत आर्डिथ बर्क्स बसलेली दिसली. काच अर्धी खाली होती. मुलीने हाक मारली, मग दार उघडलं. आर्डिथच्या हातात दम्याचा पंप होता. तो रिकामा होता. ती गेलेली होती.

आर्डिथ सत्तेचाळीस वर्षांची. मागूर मासे सोलून बर्फात भरण्याच्या कारखान्यात अकरा वर्षं काम करत होती. दोन दिवसांपूर्वी, मंगळवारी, ती याच दुकानात नवा पंप घ्यायला आली होती. दुकानदाराने तिचं सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड यंत्रात घातलं आणि परत दिलं. "बंद दाखवतंय, आर्डिथ." ती म्हणाली, "बंद कसं असेल? मी दर महिन्याला भरते." दुकानदाराने परत घालून पाहिलं. तेच आलं. कार्डाशिवाय पंप घेण्याची तिची ऐपत नव्हती. बुधवारी तिने विम्याच्या कचेरीत चार वेळा फोन लावला. चारही वेळा वाट पाहा असं सांगणारा आवाज आला आणि फोन तुटला.

नियम गावात सगळ्यांना पाठ आहे. महिन्याला ऐंशी तास काम दाखवायचं. नोकरीचे तास कमी पडले तर समाजसेवेचे चालतात, पण कुणीतरी सही करून द्यायला हवेत. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत संगणकावर नोंद करायची. वर्षात तीन महिने चुकले की कार्ड बंद, आणि मग सहा महिने अर्जसुद्धा करता येत नाही.

आर्डिथच्या घरी टेबलाच्या खणात तिची वही सापडली. सप्टेंबर: कारखाना एकाहत्तर, मंडळी बारा, एकूण त्र्याऐंशी. मंडळी म्हणजे तिचं चर्च. जुलै आणि ऑगस्टही असेच, ऐंशीच्या थोडे वर.

सरकारी नोंदीत सप्टेंबरचे तास एकाहत्तर होते. 'समाजसेवा' या रकान्यात कुणीतरी शून्य लिहिलं होतं. जुलै आणि ऑगस्टलाही तसंच.

२

हे शून्य पहिल्यांदा पाहिलं ते इंग्रिड हाल्व्हर्सनने. गरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या संस्थेची ती वकील, वय बत्तीस, उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यातून सात आठवड्यांपूर्वी इथे आलेली. तिचं ऑफिस म्हणजे बंद पडलेल्या केशकर्तनालयाची खोली. आरसे अजून भिंतीवर होते.

मंगळवारी, तेरा तारखेला, आर्डिथची धाकटी बहीण जोनेल तिच्यासमोर येऊन बसली.

"माझी ताई खोटं बोलणारी नव्हती," जोनेल म्हणाली. "ती वहीत लिहायची. मी तिच्या शेजारी बसून लिहायचे."

"तुमचंही कार्ड आहे?"

"आहे. अजून आहे." जोनेलने पर्समधून गोळ्यांची बाटली काढून टेबलावर ठेवली. "फिटच्या गोळ्या. बारा वर्षं झाली घेतेय. मागे एकदा चार दिवस चुकल्या तर कारखान्यात सुरीसकट पडले. ही खूण बघा." तिने हनुवटी वर केली. "परवा वाचनालयात माझी नोंद बघून घेतली. ऑगस्ट आणि सप्टेंबर, दोन्ही चुकलेत म्हणे. माझ्याही मंडळीच्या रकान्यात शून्य."

"ऑक्टोबर?"

"ऑक्टोबरात तलावातून मासे खूप आले. पूर्ण भरले. पण आता ताईच्या मागे धावण्यात नोव्हेंबर चाललाय. आणि सणाच्या आठवड्यात कारखाना बंद. मला तिसरा महिना चुकवून चालणार नाही, बाई."

इंग्रिडने नियमांचं पुस्तक उघडलं. सभासदाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच कुणी चुकीची नोंद केली असेल, तर चुकलेला महिना पुसता येतो. एक अर्ज, तीस नोव्हेंबरच्या आत. पण नोंद कुणी केली हे सांगावं लागतं, नावासकट.

"म्हणजे कुणी केलं ते शोधलंत तर मी वाचले," जोनेल म्हणाली.

"शोधलं आणि ते परक्या माणसाने केलेलं असलं तर."

"असलंच पाहिजे. आपलं माणूस असं करेल का?"

बहिणींना संगणक वापरता येत नव्हता. कारखान्यातल्या तीसेक जणांना येत नव्हता. त्यांनी आपापले परवलीचे शब्द कागदावर लिहून, पाकिटात घालून, गावच्या वाचनालयात एका खणात ठेवले होते. दर महिन्याला तासांच्या चिठ्ठ्याही त्याच पाकिटात टाकायच्या. खणाला कुलूप नव्हतं.

सभासदाला दिसणाऱ्या सरकारी नोंदीवर वेळ होती, भरणाऱ्याचं नाव नव्हतं. सप्टेंबरची आर्डिथची नोंद शुक्रवारी, पाच ऑक्टोबरला, दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी झालेली. ठिकाण, वाचनालयाचा संगणक. जोनेलची त्यानंतर सहा मिनिटांनी.

इंग्रिड वाचनालयात गेली. दाराशी वही होती. येणाऱ्या वाचकांनी नाव आणि वेळ लिहायची. पाच ऑक्टोबरला दोनच्या सुमारास दोन नावं होती. डार्ला स्टेगल, कारखान्याच्या ऑफिसातली कारकून. आणि पास्टर एझेल विटलो, ज्यांच्या मंडळीत आर्डिथने बारा तास काम केलं होतं आणि ज्यांनी त्यावर सही केली होती.

खणातलं आर्डिथचं पाकीट तिने उघडलं. कारखान्याची चिठ्ठी होती. मंडळीची चिठ्ठी नव्हती.

३

ती पाकिटं सांभाळायचे ऑर्विल टॉलिव्हर. वय चौऱ्याहत्तर. गावच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित आणि नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मंडळीत ते डीकन, म्हणजे पास्टरांच्या हाताखालचे सेवकही आहेत. निवृत्त झाल्यावर ते वाचनालयात फुकट मदत करू लागले. नवा नियम आला तेव्हा लोकांचे तास भरण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

बुधवारी इंग्रिड त्यांच्या घरी गेली. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि गळ्याशी टाय होता. कुणी येणार म्हणून नव्हे, ते रोजच घालतात.

"आर्डिथला मी आठवीत शिकवलंय," ते म्हणाले. "अपूर्णांकांना घाबरायची. माशांचा हिशोब मात्र तोंडी."

"तिचा सप्टेंबर तुम्ही भरलात?"

"भरला."

"कधी?"

"पाच तारखेला. शुक्रवारी. संध्याकाळी."

"संध्याकाळी नक्की?"

"बाई, माझं वय झालंय, पण शुक्रवार मला कळतो. शुक्रवारी सकाळी मी बायकोच्या थडग्यावर जातो. वाचनालयात जातो तो संध्याकाळीच."

"काय भरलंत?"

मास्तरांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "जेवढं काम, तेवढं सगळं भरलं. एक तास कमी नाही, एक तास जास्त नाही."

इंग्रिडने हे जसंच्या तसं लिहून घेतलं. बाहेर गाडीत बसून तिने ते पुन्हा वाचलं. नोंद एका महिन्याला एकदाच होते. एकदा भरलं की संगणक दुसऱ्यांदा घेत नाही. नोंद झाली दोन चौदाला. मास्तर गेले संध्याकाळी. म्हणजे त्यांच्या आधी कुणीतरी पाकीट उघडून, चिठ्ठी काढून, शून्य लिहून गेलं होतं. मास्तरांना संध्याकाळी ते भरलेलं दिसलं असणार. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला वाटलं असेल की आपणच भरलं.

असं तिला वाटलं. मास्तर मात्र बोलताना एकदाही अडखळले नव्हते.

४

डार्ला स्टेगल ऑफिसच्या मागच्या पायरीवर सिगारेट ओढत होती. मागे बर्फाच्या यंत्राची घरघर चालू होती.

"माझ्यावर संशय? या, बसा. पायरी ओली आहे, वकिलांना चालते का?"

"तुम्ही कामगारांना म्हणाला होतात, काही लोकांना प्रार्थना केल्याचेही तास मिळतात."

"म्हणाले होते. परत म्हणते. माझ्या पगारातून विम्याचे कापून घेतात, मला कुणी विचारत नाही की डार्ला, रविवारी गाणं म्हटलंस का, चल, दोन तास लिही." तिने राख झटकली. "पण आर्डिथच्या तासांना मी हात लावला नाही. एकाहत्तर होते, एकाहत्तरची चिठ्ठी दिली. मासे आले तर काम, नाही आले तर घरी. मासे मी आणत नाही."

"पाच ऑक्टोबरला दोन वाजता तुम्ही वाचनालयात होतात."

"मुलीच्या कॉलेजचा अर्ज भरत होते. दीड तास. त्या संगणकाला माझ्या आजीची चाल आहे."

"अजून कोण होतं?"

"पास्टर होते. रविवारची पत्रिका छापत होते, कागद अडकला म्हणून यंत्राला थोपटत होते. बाकी नेहमीचे."

"नेहमीचे म्हणजे?"

"नेहमीचे म्हणजे नेहमीचे. खुर्च्या-टेबलांबरोबर आलेत ते. मी आत जाऊ? माझा साहेब तुमच्यासारखा गोड नाही."

इंग्रिडने वहीत लिहिलं: डार्ला, राग खरा, फायदा काही नाही.

राहिले पास्टर. त्यांना तिने फोन केला तेव्हा ते म्हणाले, "उद्या संध्याकाळी या, बाई. मी मंडळीच्या ऑफिसात असतो."

गुरुवारी ती साडेसहाला पोचली. दाराला कुलूप होतं. खिडकीत दिवा नव्हता. तिने वीस मिनिटं वाट पाहिली आणि परत गेली.

शुक्रवारी सकाळी पास्टर विटलो तिला टपाल कचेरीच्या दारात भेटले. धिप्पाड माणूस, आवाज त्याहून मोठा. तेच आधी बोलले.

"सबंध संध्याकाळ वाट पाहिली तुमची. येणार नव्हता तर फोन तरी करायचा."

"मी आले होते. कुलूप होतं."

"मी होतो की! सहा माणसं साक्षीला आहेत. गाण्याची तालीम चालू होती."

समोरासमोर, इतक्या मोकळेपणाने खोटं बोलणारा माणूस तिने कोर्टाबाहेर पाहिला नव्हता. तिने आवाज शांत ठेवला.

"आर्डिथच्या बारा तासांवर तुमची सही होती. कामाचा प्रकार काय लिहिला होता?"

"स्वयंपाकघर."

"पाच ऑक्टोबरला तुम्ही वाचनालयात होतात. चिठ्ठी परत घेतलीत?"

पास्टरांचा चेहरा बदलला. "मी? माझीच सही मी कशाला परत घेऊ? त्या बाईच्या हातचं जेवण मी वीस वर्षं खाल्लंय." ते खाली वाकून तिच्या कानाशी बोलल्यासारखे बोलले, तरी आवाज अख्ख्या फुटपाथला ऐकू गेला. "बाई, तुम्ही शोधताय ते तुम्हाला सापडू नये असं मला वाटायला लागलंय."

"का?"

त्यांनी टपाल उचललं आणि ते गेले.

५

सोमवारी, एकोणीस तारखेला, इंग्रिड अर्जाचा मसुदा घेऊन वाचनालयात बसली. परक्या व्यक्तीचं नाव: एझेल विटलो. पुरावा म्हणून वाचनालयाची वही आणि भेटीबद्दलचं खोटं. लिहून झाल्यावर तिने ते दोनदा वाचलं. कारण कुठेच नव्हतं. माणूस आपलीच सही का खाईल?

दुपारचे एक वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेर लख्ख ऊन होतं. ग्रंथपाल मिसेस पर्डी डबा संपवून जागेवर येऊन बसल्या. दारातून एक म्हातारी पुस्तक परत द्यायला आली.

"शुभ संध्याकाळ, पर्डी."

"शुभ संध्याकाळ, मावशी. गुडघा काय म्हणतो?"

इंग्रिडने घड्याळाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. म्हातारी गेल्यावर ती काउंटरशी गेली.

"मिसेस पर्डी, आता किती वाजलेत?"

"एक वीस."

"मग संध्याकाळ कशी?"

मिसेस पर्डींनी तिच्याकडे असं पाहिलं जसं एखाद्या मुलाने पाणी ओलं का असतं म्हणून विचारावं. "जेवणं झाली की. जेवण झालं म्हणजे संध्याकाळ. तुमच्याकडे नसते?"

"आमच्याकडे ती पाचनंतर येते."

"पाचनंतर रात्र येते, राणी."

टॅलो बेंडमध्ये दिवसाला दुपार नाही. बाराच्या जेवणापर्यंत सकाळ असते, नंतर अंधार पडेपर्यंत संध्याकाळ. इथे जन्मलेल्या माणसाला हे कधी सांगावं लागत नाही, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

इंग्रिड खुर्चीवर बसली. पास्टर खोटं बोलले नव्हते. त्यांनी गुरुवारी एक ते पाच तिची वाट पाहिली होती. डार्लाही खोटं बोलली नव्हती. आणि मास्तर शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयात आले, म्हणजे जेवून, दोन वाजता.

"मिसेस पर्डी, मास्तर वहीत सही करत नाहीत?"

"मास्तर? ते मदतनीस आहेत. सही वाचकांनी करायची. ते तर या खुर्चीसारखेच इथले."

नेहमीचे म्हणजे नेहमीचे. डार्लाने सांगितलं होतं आणि तिने ऐकलं नव्हतं.

शून्य मास्तरांनी लिहिलं होतं. वाढवून नाही, कमी करूनही नाही. जेवढं काम, तेवढं सगळं. मग बारा तास काम नव्हतं, तर काय होतं?

तिने पास्टरांना फोन केला.

"स्वयंपाकघर म्हणजे कुठला स्वयंपाक?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मयताचं जेवण," पास्टर म्हणाले. "सप्टेंबरात तीन माती झाल्या. माती देऊन माणसं परत येतात, त्यांना मंडळी जेवू घालते. आमच्याकडे चुलीशी आर्डिथ आणि जोनेल असायच्या. कोंबडी, कोबी, मक्याचा पाव, दीडशे पानं. दर वेळी चार-चार तास उभ्या. मी ते लिहून दिलं. मला ते काम वाटलं. अजून वाटतं."

"आणि मास्तरांना?"

"मास्तरांना तुम्ही विचारा. मी त्यांचा पास्टर आहे, पण आठवीत ते माझे मास्तर होते."

६

मास्तर वाचनालयातल्या त्यांच्या खुर्चीत होते. इंग्रिडने प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"तुम्ही पहिल्या दिवशी हे विचारलं असतंत तर मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं."

"चिठ्ठी कुठे आहे?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढले. आर्डिथचे तीन, जोनेलचे दोन. घड्या सरळ होत्या.

"फाडायचा धीर झाला नाही. भरायचाही झाला नाही." त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "तुम्ही संगणकाचा तो पडदा पाहिलाय, नोंद भरायचा? शेवटी एक चौकोन आहे. वरील सर्व खरं आहे, खोटं असल्यास शिक्षेला पात्र राहीन. आणि खाली विचारतात, कुणी भरलं? तिथे मी माझं नाव घालतो."

"पण ते खरंच होतं. त्या चार-चार तास उभ्या होत्या."

"होत्या. माझ्या बायकोच्या मातीलाही होत्या. मी त्या दिवशी त्यांच्या हातचं जेवलो. बाई, ते काम नाही. मेलेल्याच्या घरच्यांना जेवू घालणं ही सेवासुद्धा नाही. ते देणं आहे. मी छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, ज्याचा मोबदला घेतला ते देणं राहत नाही. आता त्याच्या बदल्यात कार्ड घ्यायचं आणि मी त्याखाली शपथ घालायची?"

"तुम्हाला माहीत होतं की ऐंशीच्या खाली महिना चुकतो."

"माहीत होतं." त्यांनी चिठ्ठ्यांच्या कडा जुळवल्या. "वाटलं, कुणीतरी तिला फोन करेल. विचारेल, बाई, नऊ तास कमी पडतात, काय झालं? मग ती सांगेल आणि ते ठरवतील. कमी पडलं की आधी विचारतात. शाळेतसुद्धा नापास करण्याआधी बोलावतात."

"कुणी फोन केला नाही."

"नाही."

"आणि तुम्ही तिला सांगितलं नाहीत."

"म्हणालो, आर्डिथ, खरं तेवढं पाठवलंय. ती म्हणाली, देव भलं करो मास्तर." त्यांनी चष्मा परत घातला. "तिला वाटलं, सगळं पाठवलं."

दारात जोनेल उभी होती. तिला इंग्रिडनेच बोलावलं होतं. किती ऐकलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"मास्तर, म्हणजे परकं कुणी नव्हतंच."

"नाही, पोरी."

"बाई," जोनेल इंग्रिडकडे वळली, "आता माझ्या दोन महिन्यांचं काय?"

इंग्रिडने खरं ते सांगितलं. पाकीट बहिणींनी स्वतः ठेवलं होतं. भरायची परवानगी त्यांनीच दिली होती. परवानगी असलेल्या मदतनिसाने भरलेलं हे सभासदाने स्वतः भरलेलं धरतात. एकच फट होती. मदतनिसाने चुकून रकाना सोडला, विसरला, असं त्याने शपथेवर लिहून दिलं तर.

जोनेल मास्तरांसमोर येऊन बसली. तिने गोळ्यांची बाटली त्या पाच चिठ्ठ्यांशेजारी ठेवली.

"लिहा, विसरलो म्हणून. एक ओळ."

"मी विसरलो नव्हतो, जोनेल."

"मला माहीत आहे. लिहा."

"शपथेवर कसं लिहू?"

"तुमचं वय चौऱ्याहत्तर आहे. अख्खं गाव म्हणेल, म्हातारा विसरला. कुणाचं काही जाणार नाही."

"माझं जाईल."

"आणि माझं?" जोनेलचा आवाज चढला. मिसेस पर्डी उठून उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. "माझी ताई गाडीत मेली, मास्तर. हातात रिकामा पंप घेऊन. तुम्ही तिच्यासाठी खोटं बोलला नाहीत. बरं झालं. तुमचा स्वर्ग नक्की झाला. मी खाली पडेन तेव्हा वर बसून बघा."

मास्तरांनी एक कोरा कागद पुढे ओढला. ते म्हणाले, "जे झालं ते सगळं लिहून देतो. मी जाणूनबुजून सोडलं, का सोडलं, तिला सांगितलं नाही. हे सगळं. माझ्या नावाने."

"त्याने काही होणार नाही," इंग्रिड म्हणाली. "उलट होईल."

"मला तेवढंच येतं, बाई."

त्यांनी लिहून दिलं. दीड पान, सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. इंग्रिडने ते अर्जाला जोडलं, आणि वर दुसरा मुद्दा घातला: मयताचं जेवण करणं ही समाजसेवाच आहे, म्हणून नोंद मुळातच चुकली. याआधी असा मुद्दा राज्यात कुणी मांडला होता का, हे तिला शोधूनही सापडलं नाही.

अर्ज वीस तारखेला गेला. एकोणतीसला उत्तर आलं. नामंजूर. मदतनिसाने भरलेली नोंद ही सभासदाची नोंद. मयताच्या जेवणाबद्दल उत्तरात एक शब्दही नव्हता.

७

आर्डिथची माती शनिवारी, चोवीस नोव्हेंबरला झाली. नातेवाईक तीन राज्यांतून यायचे होते म्हणून उशीर झाला.

ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी त्या दिवशी चुलीला हात लावायचा नसतो. त्यांना बसवून वाढतात. शुक्रवारी जोनेल मंडळीच्या स्वयंपाकघरात शिरली आणि तिने कोबी चिरायला घेतला, तेव्हा बायकांनी तिच्या हातातून सुरी काढून घेतली. तिने दुसरी घेतली.

"अगं, लोक काय म्हणतील? स्वतःच्या बहिणीचं जेवण?"

"सोळा तास कमी आहेत माझे," जोनेल म्हणाली. "बाजूला व्हा."

त्यानंतर कुणी तिला अडवलं नाही. शुक्रवारी सहा तास. शनिवारी पहाटे पाचपासून दहापर्यंत कोंबडी तळली, मग हात धुऊन काळा झगा घातला, दफनाला गेली, परत आली आणि पुन्हा चुलीशी पाच तास उभी राहिली. मास्तर दोन्ही दिवस हॉलच्या कोपऱ्यात बसून होते. ते जेवले नाहीत.

संध्याकाळी, म्हणजे तिथल्या संध्याकाळी, साडेचारला, पास्टरांनी तासांच्या चिठ्ठीवर सही केली. चिठ्ठीत साक्षीदाराची दुसरी जागा असते, ती बहुतेक वेळा कोरीच जाते. मास्तर उठून आले. त्यांनी पेन मागितलं आणि लिहिलं: शुक्रवारी सहा तास, शनिवारी दहा तास, मी स्वतः पाहिलं, ऑ. टॉलिव्हर. 'कामाचा प्रकार' हा रकाना त्यांनी रिकामा ठेवला आणि कागद जोनेलकडे सरकवला.

"तो तू भर," ते म्हणाले.

जोनेलने कागद घेतला. त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बुधवार, पाच डिसेंबर. मास्तरांची खुर्ची रिकामी होती. पाकिटं त्यांनी आदल्या दिवशी ज्याची त्याला परत केली होती. तीसपैकी किती जणांनी त्या दिवशी नोंद केली, हे कुणी मोजलेलं नाही. जोनेलने स्वतः संगणकावर बसून एका बोटाने अक्षरं शोधली. मिसेस पर्डी मागे उभ्या होत्या, हात पाठीमागे बांधून. कारखाना, चौसष्ट. समाजसेवा, सोळा. कामाचा प्रकार: बहिणीच्या मातीचा स्वयंपाक. कुणी भरलं: मी.

दुपारी एक वाजून बावन्न मिनिटांनी नोंद गेली. सेवेचे तास असले की हल्ली ते तपासायला पाठवतात. ते नाकारले गेले तर तिचा तिसरा महिना चुकेल; तोवर, डिसेंबरच्या एकतीस तारखेपर्यंत, तिचं कार्ड चालेल.

आर्डिथच्या मृत्यूच्या दाखल्यावर कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, कारणासमोर दमा लिहिलं आहे. प्रकार, म्हणजे नैसर्गिक की अपघाती की आणखी काही, ती जागा अजून भरलेली नाही.

शुक्रवार, चौदा डिसेंबर, चार वाजेपर्यंतची स्थिती अशी: जोनेल बर्क्स, नोव्हेंबर, समाजसेवा सोळा तास. पुढे लिहिलंय, पडताळणी सुरू.